हायड्रोजनचा रेणु आणि शेवटचा आंकडा



यंदा प्रयोगवह्या तपासावयास घेतल्या असतां आमच्या दृष्टीस एक चमत्कारिक गोष्ट पडली. वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं लंबकाचा प्रयोग करून गुरुत्वत्वरणाचें मूल्य काढावयाचें होतें. कोणाचा दोरा आंखूड होता, कोणाचा लांब. कोणाचें घड्याळ पुढें, कोणाचें मागें. कोणी झोंके मोजतां मोजतां मध्येंच शेजाऱ्याशीं बोललेला. तथापि एकूण एक वहींत उत्तर मात्र तेंच, ९.८१! इतकी एकवाक्यता गांवच्या पंचांतही कधीं आढळत नाहीं.

गंमत अशी कीं ९.८१ हें उत्तर देवणीचें नव्हेच. पृथ्वी ध्रुवांपाशीं किंचित् चपटी व विषुववृत्तापाशीं किंचित् फुगलेली आहे, आणि आम्ही विषुववृत्ताच्या बाजूस आहों. तशांत आमचें गांव बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून बरेंच उंच वसलेलें आहे. या दोन कारणांनीं येथें तें मूल्य सुमारें ९.७८ भरतें. म्हणजे ज्यानें स्वतः मोजून ९.७६ किंवा ९.७९ लिहिलें असतें, तो सत्याच्या अधिक जवळ असता. आणि ज्यांनीं पुस्तकांतील आंकडा उतरून घेतला, ते चुकले. हें पाहून आम्हांस रागापेक्षां लाजच अधिक वाटली. कारण विद्यार्थिदशेंत आम्हींही हेंच केलें होतें, आणि त्याबद्दल पूर्ण गुण मिळविले होते!

वर्गांत ही गोष्ट काढली तेव्हां एका मुलीनें उभें राहून विचारलें, "सर, ९.७८ काय नि ९.८१ काय? एवढ्याशा फरकानें काय बिघडतें?" प्रश्न धीट होता, पण प्रामाणिक होता; आणि घाईघाईनें उत्तर देऊन बसवावा असा नव्हता. म्हणून त्याचें उत्तर आम्ही या लेखांत सावकाश देतों, व त्याकरितां सृष्टींतील एका अत्यंत लहान वस्तूची कथा सांगतों. ती वस्तु म्हणजे हायड्रोजनचा रेणु.

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायु. त्याच्या अणूंत मध्यभागीं एक प्रोटॉन व त्याच्या भोंवतीं एक इलेक्ट्रॉन, एवढाच काय तो संसार. असे दोन अणु एकत्र जोडले गेले म्हणजे हायड्रोजनचा रेणु होतो. दोन प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन; विद्युद्भार नसलेला याहून साधा रेणु कोठेंही नाहीं. त्याचे दोन प्रोटॉन एकमेकांपासून इतके जवळ असतात कीं, तेवढ्या अंतराचे तुकडे एकापुढें एक मांडल्यास एका सेंटिमीटरांत साडेतेरा कोटि मावतील.

या रेणूला भावंडेंही आहेत. कांहीं हायड्रोजन-अणूंच्या पोटांत प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो. त्या जड हायड्रोजनास ड्युटेरियम म्हणतात. एक साधा अणु व एक जड अणु मिळून जो रेणु होतो त्याला शास्त्रज्ञ 'एचडी' या दोन अक्षरांनीं ओळखतात. त्यांतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला कीं मागें दोन केंद्रें व त्यांना बांधणारा एकटा इलेक्ट्रॉन राहतो. हा 'एचडी'चा आयन होय. त्याचें काम पुढें पडणार आहे.

हा रेणु क्षणभरही स्वस्थ नसतो. तो जात्याप्रमाणें गरगर फिरतो. त्याच वेळीं, मध्यें स्प्रिंग बसविल्याप्रमाणें त्याचे दोन प्रोटॉन जवळ येतात व दूर जातात. हें जवळ येणें व दूर जाणें एका सेकंदांत सुमारें सव्वा कोटि कोटि वेळां, म्हणजे १२५ या आंकड्यापुढें बारा शून्यें लिहिल्यास होतील इतक्या वेळां, घडतें. परंतु फिरणें असो वा हेलकावणें असो, रेणूला मनाला येईल तितकें करण्याची मुभा नाहीं. जिन्यावर उभा असलेला मनुष्य एक तर या पायरीवर असतो, नाहीं तर त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्यें त्याला पाय ठेवतां येत नाहीं. रेणूच्या ऊर्जेच्या पायऱ्या अशाच ठरलेल्या आहेत. एका पायरीवरून दुसरीवर चढण्यास जितकी ऊर्जा लागते, नेमकी तितकी देणारा प्रकाश आला तर रेणु तो घेतो. बाकीचा प्रकाश जसाचा तसा निघून जातो. म्हणून कोणता प्रकाश घेतला गेला हें पाहिलें कीं पायरीची उंची कळते. प्रकाशाचे रंग विलग करून अशा रेषा ओळखणें व मोजणें याचें नांव वर्णपटशास्त्र.

या शास्त्राचा महाराष्ट्राशीं जुना संबंध आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात, व त्यांवरून तें द्रव्य ओळखतां येतें, हें किर्खहोफ व बुन्सेन या जर्मन विद्वानांनीं १८५९ च्या सुमारास दाखविलें. पुढें १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली. त्या वेळीं गुंटूर येथें आलेले फ्रेंच ज्योतिषी जान्सेन, व अन्य ठिकाणचे निरीक्षक यांनीं सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्यांत एक पिवळी रेषा आढळली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंग्लंडांत नॉर्मन लॉक्यर यांनीं ग्रहण नसतांनाही त्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. ती पिवळी रेषा ओळखीच्या कोणत्याही द्रव्याची ठरेना, तेव्हां सूर्यावर नवें मूलद्रव्य आहे असें अनुमान करण्यांत येऊन त्यास हेलियम हें नांव मिळालें. पृथ्वीवर तें विल्यम रॅम्से यांना १८९५ सालीं सांपडलें.

आतां कोंकणांत विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' या नांवाचे चौथरे दाखवितात, व हेलियमचा शोध तेथेंच लागला असें पुष्कळांच्या तोंडीं आहे. तें खरें असतें तर आम्हांसही अभिमान वाटला असता. परंतु लॉक्यरसाहेब विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाच्या वेळीं, म्हणजे हेलियमचा शोध लागून गेल्यावर. त्याच ग्रहणाच्या दिवशीं सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनीं आपलीं यंत्रें मांडून सूर्याचें निरीक्षण केलें होतें. हा खरा इतिहासही कांहीं कमी अभिमानाचा नाहीं. मग त्यांत लोकांच्या तोंडची भर कशाला घालावी? प्रयोगवहींतील ९.८१ प्रमाणेंच गोड पण उसना आंकडा तो!

असो. मूळ विषयाकडे वळूं.

हायड्रोजनच्या रेणूंत शास्त्रज्ञांना एवढें स्वारस्य कां, तर तो इतका साधा आहे कीं त्याचें सर्व वर्तन केवळ कागदावर, गणितानें काढतां यावें अशी आशा आहे. लोखंडाचा तुकडा किंवा साखरेचा रेणु घेतला तर त्यांत इतके इलेक्ट्रॉन कीं गणित करणारा थकून कांहीं तरी गृहीत धरून चालतो. येथें चारच कण. म्हणून निसर्गाचे जे नियम आपण सांगतों ते खरोखर बरोबर आहेत कीं नाहींत, हें पाहण्याची ही उत्तम कसोटी आहे. एका बाजूस गणित, दुसऱ्या बाजूस मोजमाप. दोहोंनीं स्वतंत्रपणें उत्तर काढावें व मग वह्या शेजारीं शेजारीं ठेवाव्या.

या कसोटीसाठीं एक संख्या विशेष प्रसिद्ध झाली, ती म्हणजे हा रेणु तोडून त्याचे दोन अणु वेगळे करण्यास लागणारी ऊर्जा. वर्णपटशास्त्रज्ञ ऊर्जा मोजतात ती प्रकाशाच्या तरंगांनीं. तेवढी ऊर्जा ज्या प्रकाशाच्या एका कणांत असते, त्याचे एका सेंटिमीटरांत किती तरंग मावतात ती संख्या लिहिली कीं झालें. हायड्रोजनच्या रेणूसाठीं ही संख्या ३६,११८ च्या आसपास आहे. १९२७ सालीं हाइटलर व लंडन यांनीं नव्या पुंजयांत्रिकीच्या आधारें या बंधाचें पहिलें गणित मांडलें. तें स्थूल होतें. १९३३ सालीं जेम्स व कूलिज यांनीं तें पुष्कळच जवळ आणलें. पुढें गणकयंत्रें आलीं व पोलंडचे कोवोस आणि वोल्नीएविच या दोघांनीं तें गणित फार बारकाईनें केलें.

येथें एक बोधप्रद प्रसंग घडला. कॅनडांत गेर्हार्ड हेर्झबर्ग नांवाचे थोर वर्णपटशास्त्रज्ञ होते. त्यांची पत्नी यहुदी असल्यामुळें नाझी अमलांत त्यांना मायदेश जर्मनी सोडावा लागला, व १९३५ सालीं ते कॅनडांत येऊन राहिले. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें १९६० सालीं ही संख्या मोजली होती व ती ३६,११४ च्या आंत आहे असें जाहीर केलें होतें. कोवोस व वोल्नीएविच यांचें १९६८ चें गणित मात्र सांगत होतें कीं ती ३६,११७ हून अधिक आहे. फरक किती, तर सुमारें नऊ हजारांत एक भाग. आमची विद्यार्थिनी म्हणाली असती, एवढ्यानें काय बिघडतें!

परंतु बिघडत होतें. या गणिताचा असा नियम आहे कीं त्यांत कांहीं कसूर राहिली तर बंध खऱ्याहून कच्चा दिसतो. खऱ्याहून पक्का कधीं दिसत नाहीं. येथें तर गणिताचा बंध मोजमापाहून पक्का आला होता. तेव्हां एक तर पुंजयांत्रिकीचा पाया हललेला, नाहीं तर मोजणाराचा हात चुकलेला. हेर्झबर्ग यांचें वय साठीच्या पलीकडे गेलेलें, नांव जगभर झालेलें. "माझा आंकडा छापून झाला आहे, तुमचें गणित तपासा," असें म्हणून ते स्वस्थ बसूं शकले असते. तसें न करतां त्यांनीं हायड्रोजन थंड करून, अधिक सूक्ष्म यंत्रानें मोजमाप पुन्हां पहिल्यापासून केलें, आणि १९७० सालीं नवा आंकडा प्रसिद्ध केला. ती संख्या ३६,११६ व ३६,११८ यांच्या आसपास, गणिताशीं जुळणारी अशीच निघाली. जुनें मोजमाप चुकलें होतें. आणि तें चुकलें हें मोजणारानेंच जगाला दाखवून दिलें. पुढच्याच वर्षीं, १९७१ सालीं, रेणूंच्या रचनेसंबंधींच्या त्यांच्या आजन्म कार्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. चूक सुधारल्यानें त्यांची प्रतिष्ठा कमी झाली नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

याहून सूक्ष्म मोजण्यास जुन्या दिव्यांचा प्रकाश पुरेना. दिव्याचा प्रकाश म्हणजे भर बाजारांतील गलबला. त्यांत नाना सूर एकदम. १९६० सालीं थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर तयार केला, व शास्त्रज्ञांना असा प्रकाश मिळाला कीं ज्यांत सर्व तरंग एका सुरांत, एका तालांत चालतात. जणूं सर्व मंडळी एकच स्वर धरून गात आहे. लेसरचा सूर थोडा थोडा चढवीत नेला, आणि रेणूनें तो कोठें स्वीकारला हें टिपलें कीं पायरीची उंची सांपडली.

तरी दोन अडचणी उरल्या. पहिली अशी: उदगीरच्या स्टेशनावर उभें राहून ऐकिलें तर येणाऱ्या गाडीची शिटी उंच वाटते व जाणाऱ्या गाडीची खालच्या सुरांत वाटते, शिटी एकच, पण गतीमुळें सूर बदलतो. हायड्रोजनचे रेणु नेहमींच्या हवामानांत सेकंदाला पावणेदोन किलोमीटरांच्या वेगानें चहूंकडे धांवत असतात, म्हणून त्यांच्या रेषा पसरट दिसतात. यावर युक्ति अशी काढली कीं दोन लेसर-किरण समोरासमोरून सोडावे व रेणूनें एकेक प्रकाशकण दोहोंकडून घ्यावा. एकीकडून सूर जितका चढा भासेल तितकाच दुसरीकडून उतरलेला भासतो. बेरीज बरोबर राहते. दुसरी अडचण लेसरचा सूरच नेमका मोजण्याची. प्रकाशाचीं कंपनें मोजूं शकेल असें घड्याळ कोठून आणावें? त्याकरितां 'प्रकाशाचा कंगवा' निघाला. फणीच्या दांत्यांप्रमाणें समान अंतरावर असलेल्या हजारों शुद्ध सुरांची ही मोजपट्टी होय. तिचा प्रत्येक दांता अणुघड्याळाशीं जुळविलेला असतो. या कामाबद्दल जॉन हॉल व थिओडोर हेन्श यांना २००५ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकांत भाग मिळाला.

या साधनांनीं झ्यूरिक व अ‍ॅम्स्टरडॅम येथील शास्त्रज्ञांनीं मिळून २००९ सालीं तीच जुनी संख्या पुन्हां मोजली. त्यांनीं रेणु प्रत्यक्ष तोडला नाहीं. ज्याप्रमाणें दोन गांवांच्या उंचींतील फरक कोणत्याही वाटेनें गेलें तरी तोच राहतो, त्याप्रमाणें त्यांनीं सोईची वाट धरली. रेणु आधीं तोडून मग एका अणूचा इलेक्ट्रॉन काढला काय, किंवा आधीं रेणूचा इलेक्ट्रॉन काढून मग उरलेला आयन तोडला काय, शेवटीं पदरांत तेच कण पडतात. म्हणून रेणूचा इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा लेसरनें मोजली. आयन तोडण्याची तींत मिळविली. सुट्या अणूचा इलेक्ट्रॉन काढण्याची वजा केली. या दुसऱ्या दोन रकमा अगोदरच फार नेमक्या माहीत होत्या. उत्तर आलें ३६,११८.०६९६. त्याच वर्षीं गणित करणारांनीं स्वतंत्रपणें उत्तर दिलें ३६,११८.०६९५. आठ आंकडे एक. नवव्यांत एकाचा फरक. त्यानंतर मोजमाप दहापटींहून अधिक सूक्ष्म झालें आहे, व गणितही मागें राहिलेलें नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या शास्त्रज्ञांनीं नुसता आंकडा लिहिला नाहीं. त्यापुढें असेंही लिहिलें कीं आमच्या मापांत ०.०००४ इतकी कमीअधिक चूक असूं शकेल. म्हणजे "आम्हांस इतकें ठाऊक आहे, व याच्या पुढचें ठाऊक नाहीं," ही कबुली आंकड्याच्या शेजारींच! दुसऱ्या बाजूचें गणितही असेंच कबुली देऊन बसलेलें होतें. दोघांचा फरक दोघांच्या कबुलीच्या आंत बसतो, म्हणूनच तो जुळला असें म्हणतां येतें. कबुलीशिवाय आंकडा म्हणजे साक्षीदाराशिवाय दस्तऐवज.

आतां त्या 'एचडी'च्या आयनाकडे येऊं. एकतारीची तार जितकी जड तितकी ती मंद वाजते, हें सर्वांस माहीत आहे. रेणूचें कंपनही तसेंच आहे: केंद्रें जितकीं जड तितकें कंपन मंद. म्हणून कंपनाचा सूर अचूक ऐकिला तर प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या किती पट जड आहे हें सांगतां येतें. हा आयन विद्युत्क्षेत्राच्या पिंजऱ्यांत धरून ठेवतात, आणि लेसरनें अतिशय थंड केलेल्या बेरिलियमच्या आयनांच्या मध्यें बसवितात. थंड सोबत्यांच्या संगतीनें तोही थंड व शांत होतो. संगतीचा गुण लागतो तो असा! डुसेलडॉर्फ व अ‍ॅम्स्टरडॅम येथील दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं २०२० सालीं असें मोजून उत्तर काढलें. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५२६७३४ पट जड आहे, आणि या अकराही आंकड्यांवर दोघांचें एकमत आहे. एकमत आमच्या वह्यांतही होतें. पण तेथें सर्वांनीं एकाच पुस्तकांतून घेतलें होतें, येथें प्रत्येकानें स्वतः मोजलें होतें. दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे.

येथें विचारशील वाचक म्हणेल, हें आजचें झालें. पण सृष्टीच्या आरंभकाळींही प्रोटॉन इतकाच जड होता काय? निसर्गाचे नियम वयाबरोबर बदलत तर नाहींत? प्रश्न मोठा आहे, आणि त्याच्या उत्तराची एक वाट पुण्यावरून जाते. तेथील आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच 'आयुका', १९८८ सालीं स्थापन झालें. कोल्हापुरांत जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक होते. या संस्थेंतील शास्त्रज्ञ रघुनाथन श्रीआनंद हे फ्रान्स व रशिया येथील सहकाऱ्यांसमवेत क्वासार नामक अतिदूरच्या तेजस्वी गोलकांच्या प्रकाशाचा अभ्यास करीत आले आहेत. तो प्रकाश वाटेंत हायड्रोजनच्या ढगांतून येतो, व त्या ढगांतील रेणु आपापल्या रेषा त्यावर उमटवितात. कांहीं ढग इतके दूर आहेत कीं त्या रेषा हजार कोटि वर्षांपूर्वीं उमटल्या. आमची पृथ्वीही तेव्हां जन्मली नव्हती. विश्वाच्या प्रसरणानें सर्व रेषा सारख्याच प्रमाणांत ताणल्या जातात. परंतु प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या वजनांचें प्रमाण तेव्हां वेगळें असतें, तर कांहीं रेषा थोड्या इकडे व कांहीं थोड्या तिकडे सरकलेल्या दिसल्या असत्या. तें ओळखावयास त्याच रेषांचें पृथ्वीवरील खरें माप हवें. आणि तें माप अ‍ॅम्स्टरडॅमच्या लेसरांनीं पुरविलें.

२००६ सालीं या तुलनेवरून असा संशय प्रसिद्ध झाला कीं तें प्रमाण लाखांत दोन भागांच्या आसपास बदललें असावें. केवढी खळबळजनक गोष्ट! परंतु शास्त्रज्ञांनीं नगारे वाजविले नाहींत. ते पुन्हां मोजावयास बसले. तेव्हां आढळून आलें कीं दुर्बिणीला जोडलेल्या वर्णपटमापकाच्या मोजपट्टींतच सूक्ष्म दोष राहत होते. ते सुधारून, अधिक क्वासार पाहून, संशय विरघळून गेला. आज इतकें सांगतां येतें कीं हजार कोटि वर्षांत त्या प्रमाणांत लाखांत एक भागाइतकाही बदल झालेला आढळत नाहीं. आकाशाच्या त्या टोंकाचा हायड्रोजन व देवणीच्या विहिरींतील पाण्यांतला हायड्रोजन एकाच नियमाखालीं नांदतात. ज्यानें आकाशें व पृथ्वी निर्माण केलीं, त्याचे नियम आज एक व उद्यां दुसरे असे नाहींत, अशी आमची श्रद्धा पूर्वींपासून होती. परंतु श्रद्धा आहे म्हणून आंकडा जुळवून घ्यावा असें त्या शास्त्रज्ञांपैकीं कोणीही केलें नाहीं, व आम्हीही करूं नये. सत्याला आमच्या लबाडीच्या टेकूची गरज नाहीं.

एवढें सांगितल्यावर त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर सोपें झालें आहे. बाजारांत कडबा पेंढीनें मोजतात, जोंधळा मोठ्या काट्यावर व सोनें सोनाराच्या ताजव्यावर. प्रत्येक ठिकाणीं माप वेगळें, कारण चुकीचें मोल वेगळें. कडब्याची एक काडी कमी भरली तर कोणी विचारीत नाहीं. परंतु निसर्गाचा नवा नियम लपलेला असतो तो बहुधा शेवटच्या आंकड्याच्या आड. १९४७ सालीं विलिस लॅम्ब यांनीं हायड्रोजन अणूच्या दोन पायऱ्या, ज्या अगदीं समान उंचीच्या मानल्या जात, त्यांत लहानसा फरक मोजला, आणि त्या लहानशा फरकामुळें प्रकाश व द्रव्य यांचें सारें शास्त्र नव्यानें मांडावें लागलें. आजही हायड्रोजनच्या रेणूचें गणित व माप यांत खरोखरीचा फरक निघाला, तर अद्यापि कोणास ठाऊक नसलेलें एखादें बल तेथें दडलेलें असेल. ज्यानें शेवटचा आंकडा पुस्तकांतून उतरून घेतला, त्याला तें कधींही सांपडणार नाहीं.

मराठवाड्यांतील मुलांनीं हें सर्व दूरच्या देशांचें म्हणून सोडून देऊं नये. आमच्याच विभागांतील हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ येथें 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचा प्रकाश पाठवून, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशाहूनही लहान अशी हालचाल तेथें टिपावयाची आहे. अशा ठिकाणीं उद्यां जीं माणसें लागतील, तीं आजच्या आमच्या वर्गांतून कां जाऊं नयेत? देवणीचें नांव आजवर येथील गाईबैलांच्या जातीनें देशभर नेलें. पुढें तें आमच्या मुलामुलींनींही न्यावें. मात्र तेथें जाणाऱ्याजवळ एक शिदोरी पाहिजे, ती म्हणजे दिसेल तेंच लिहिण्याची संवय; आणि ती संवय लंबकाच्या दोऱ्यापाशींच लागते, नंतर लागत नाहीं. थोडक्यांत जो विश्वासू ठरतो त्याच्याच हातीं मोठें काम सोंपविलें जातें, हें प्रभूचें शिक्षण प्रयोगशाळेसही तितकेंच लागू आहे.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाच्या वहींत पुस्तकाशीं न जुळणारें उत्तर दिसलें तर त्यास रागें भरूं नका. तें त्यानें कसें मोजलें एवढें विचारा. आम्हीही आमच्या परीनें एक निश्चय केला आहे. येत्या वर्षीं लंबकाच्या प्रयोगास गुण द्यावयाचे ते उत्तराला नव्हे, तर मोजण्याला. ज्याच्या वहींत ९.७३ असेल, व शेजारीं "वाऱ्यानें दोरा हलला, यामुळें इतकी चूक संभवते," अशी कबुली असेल, त्यास पूर्ण गुण. आणि सर्वांच्या वह्यांत पुन्हां ९.८१ आढळलें, तर आम्ही वह्या परत करूं, व दोरा, गोळा आणि घड्याळ घेऊन सर्व वर्गासमवेत स्वतः पहिल्यापासून मोजावयास बसूं. आमचाही विद्यार्थिदशेंतला एक प्रयोग करावयाचा राहिलाच आहे.